तोरणाची दोरी आणि सोनबाजीचं खालचं वावर

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात तोरणाची दोरी कोणाच्या हातात असते, हे बाहेरच्या माणसाला आधी सांगितलं नाही तर पुढचं काही कळायचं नाही. म्हणून तिथूनच सुरू करतो.

मारुतीच्या देवळापुढं मोकळं मैदान आहे. दुपार कलली की गावातल्या सगळ्या बैलजोड्या तिथं येऊन उभ्या राहतात. अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं, शिंगांना रंग. समोर आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण. इतर गावांत हे तोरण दोन खांबांना बांधतात. आमच्याकडं एकच टोक खांबाला असतं. दुसऱ्या टोकाची दोरी एक माणूस हातात धरून उभा राहतो. झडत्या म्हणून झाल्या, म्हणजे ती पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, की तो माणूस दोरी सैल सोडतो, तोरण जमिनीला लागतं आणि बैल त्याच्यावरून निघतात. पहिली जोडी पाटलाची, त्यात वाद नाही. पण दोरी पाटलाची नाही. दोरी कोणाला द्यायची ते गाव बसून ठरवतं, आणि त्यात जात, वतन, घराणं काही पाहत नाहीत. त्या वर्षी ज्यानं वावराचं भलं केलं, त्याच्या हाती दोरी.

मी त्या गावात शेतीखात्याचा माणूस म्हणून पुष्कळ वर्षं होतो. आता तिथंच घर बांधून राहतो, म्हणून आमचं गाव म्हणतो. माझ्या डोळ्यांदेखत ती दोरी एका वडाराच्या हाती गेली, कारण त्यानं आटलेल्या विहिरीला पाणी लावून दिलं. एका वर्षी लोहाराच्या हाती गेली, कारण त्यानं साऱ्या गावाच्या तिफणींचे फण एका मापाचे करून दिले आणि पेरणी सरळ झाली. दोघंही योग्य माणसं होती. तरी दोन्ही वेळा मी घरी येऊन जेवलो नाही.

माझा बाप सालगडी होता. म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. आमच्या भावकीत सही करणारा मी पहिला आणि पदवी घेणाराही मीच पहिला, मधल्या पायऱ्या कोणी चढलंच नाही. हैदराबादला उर्दूतून शिकलो, शेतकीची पदवी घेतली आणि निजामी संपता संपता नोकरीला लागलो. लोक मला शेतीमास्तर म्हणायचे. आमचं काम शिकवण्याचं नव्हतं, दाखवण्याचं होतं. शेतकऱ्याला तोंडी सांगून काही पटत नाही. त्याला शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून डोळ्यांनी पाहू द्यावं लागतं. म्हणून एखाद्याचं वावर मागून घ्यायचं, अर्ध्यात त्याच्या रीतीनं पेरायचं, अर्ध्यात आपल्या रीतीनं, मधात पाटी लावायची आणि गप्प बसायचं. वावर शक्यतो रस्त्याला लागून पाहिजे. आडवळणाच्या वावरात सोनं पिकवलं तरी पाहायला कोण येते?

माझ्या कामातली सगळ्यात मोठी जीत म्हणजे अनसाबाई. सोनबाजी म्हणून एक शेतकरी होता, त्याची ही बायको. बियाणं घरात बायांच्या ताब्यात असते. त्या वेळी ज्वारीवर काणी फार पडायची. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. उपाय सोपा होता, पेरण्याआधी बियाणं गंधकाच्या पुडीत घोळून घ्यायचं. मी पुडी घेऊन तिच्या अंगणात गेलो, तर तिनं वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"मास्तर, हे तं बंदुकीची दारू हाये. माह्या बियाच्या अंगाले लावून देऊ काय?"

"अवो बाई, औषध हाये. दाणा मरत नाही."

"तुमी खाऊन दाखवा मंग."

"खायाचं नाही ते. पेरायचं."

"जे खायाले चालत नाही ते मातीले काऊन चालीन?"

मी म्हटलं, अर्धं बियाणं तुमच्या मनासारखं पेरा, अर्ध्याला हे लावा, मी मडक्यात घालून हलवून देतो, तुम्ही हातही लावू नका. तयार झाली. सुगीला भर बाजारात ती माझ्यापुढं आली. हातात तिच्या अर्ध्यातलं काणी पडलेलं कणीस. तिनं ते माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत पुसलं. "घ्या मास्तर. जितले तुमी." बाजार हसला. तो सदरा मी बायकोला दोन दिवस धुऊ दिला नाही.

त्या वर्षी दोरी मिळेल अशी माझी खात्री होती. ती लोहाराला मिळाली.

पुढं हैदराबाद राज्य मोडलं आणि भाषेप्रमाणं वाटण्या झाल्या. आमच्याच जिल्ह्यातले किनवट अन् राजुरा पलीकडं मराठी मुलखात दिले, आम्ही अलीकडं आंध्रात राहिलो. रात्री झोपलो तेव्हा घरची भाषा आणि कचेरीची भाषा वेगळी होतीच, कारण कचेरीत उर्दू होती. सकाळी उठलो तर तेलुगू झाली होती, इतकंच. माझे मराठी सोबती अर्ज करकरून तबादला घेऊन पलीकडं गेले. मी गेलो नाही. आई म्हातारी होती, वावर नव्हतं पण माणसं होती. शिवाय मनात होतं, इथल्या शेतकऱ्याला आपल्याशिवाय कोण आहे? खरं सांगायचं तर दोरीही मनात होती.

हैदराबाद आणि आंध्र, दोन्हीकडच्या नोकरदारांची एक यादी झाली. तिच्यात माझं नाव खाली सरकलं आणि माझ्यावर सुब्बाराव आले. समुद्राकडच्या भागातले, कृष्णेच्या कालव्यांवरचे. माझ्यापेक्षा वयानं चार-पाच वर्षं लहान. पांढरंशुभ्र धोतर, सायकल, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी तेलुगूत बोललो. आमची तेलुगू बाजारातली, निम्मी उर्दू. ते मनापासून हसले. "नारायणगारू, तुमची तेलुगू फार गोड आहे. जेवणात मधूनच मिठाईचा तुकडा लागावा तशी." गारू म्हणजे आपल्याकडं राव किंवा जी. माणूस चांगल्या मनानं बोलला. मला ते बोलणं आठवडाभर टोचलं.

त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. गावात मराठीशिवाय चालत नव्हतं. म्हणून ते जिथं जातील तिथं मी. ते बोलणार, मी मराठीत सांगणार. शेतकरी बोलणार, मी तेलुगूत सांगणार. शेतकीचा पदवीधर मी, आणि काम काय, तर दुसऱ्याची जीभ व्हायचं. सोपं काम आहे असं लोकांना वाटते. मधल्या माणसाच्या हातात किती असते हे ज्यानं ते काम केलं त्यालाच ठाऊक.

पावसाळ्याआधी साहेबांनी ठरवलं, ओळीत पेरलेल्या कापसाचं प्रात्यक्षिक करायचं. वावर रस्त्याला लागून पाहिजे. सायकलवरून फिरताना त्यांना सोनबाजीचं खालचं वावर दिसलं. रस्त्याच्या कडेला, सपाट, काळीभोर माती. परक्याला ते गावातलं सगळ्यात देखणं वावर वाटावं. आम्ही सोनबाजीला गाठलं. साहेबांनी सांगितलं, मी मराठीत सांगितलं. बियाणं खात्याचं, पाहणी आमची, मेहनत तुमची. सोनबाजीनं ऐकून घेतलं. मग डोक्यावरचा शेला काढून हातात घेतला. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं असलं की तो असंच करायचा.

"मास्तर, साहेबाले सांगा, हे वावर पावसायात चिबडते. खालून पानी फुटते. दोन झडी लागल्या का पाय टेकत नाही. म्हनून आमी इथं पावसायात काईच पेरत नाही, मागून ज्वारी घेतो. घरची भाकर याच वावराची हाये. कापूस वरच्या वावरात घ्या म्हनावं. थे रस्त्यावर नाही, पन निचऱ्याचं हाये."

सुब्बारावांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतो?"

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते लिहितो, सजवून लिहीत नाही. मला वाटलं, होऊ दे. रस्त्याला लागून आहे, सारं गाव पाहील. दोन पेनांचा साहेब तोंडावर पडेल आणि मग गावाला कळेल की शेतीमास्तर कोण होता. बापाच्या मालकाचा मला कधी हेवा वाटला नाही, तो दूरचा होता. याचा वाटला, कारण तो माझ्याच कामात होता आणि माझ्याहून चांगलं हसत होता.

मी म्हटलं, "तो म्हणतो, साहेबांची मर्जी."

साहेबांनी खुशीनं हसत सोनबाजीचे दोन्ही हात धरले. सोनबाजीनं माझ्याकडं पाहिलं. "सांगलं न?"

"सांगलं," मी म्हटलं.

"मंग साहेबाले ठाऊक असन काई उपाय," तो म्हणाला आणि शेला परत डोक्याला बांधला.

पेरणी झाली. ओळी सरळ उगवल्या, रस्त्यावरून जाणारे थांबून पाहू लागले. साहेब मला म्हणायचे, "आपलं प्रात्यक्षिक." आपलं! मग झड लागली. पहिली ओसरली. दुसरी लागली ती थांबेना. मी रोज सकाळी छत्री घेऊन धुऱ्यावर जायचो. आधी पराटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, खालची पानं पिवळी झाली, मग लाल. झाड उपटून पाहिलं तर मूळ काळं पडलेलं, हाताला बुळबुळीत. मला आनंद व्हायला पाहिजे होता. एक दिवस झालाही. दुसऱ्या दिवशी अनसाबाई त्याच धुऱ्यावर उभी दिसली. ती पिकाकडं पाहत नव्हती, पाण्याकडं पाहत होती. "मास्तर, आता यात ज्वारी बी घेता येनार नाही. पराटी उभी राह्यली तरी नाही, मेली तरी वाफसा कवा येते कोन जाने. खातीन काय पोरं?" मी म्हटलं, पाहू. छत्रीची दांडी माझ्या हातात गरम झाली होती.

त्याच दुपारी सुब्बाराव सायकल हातानं ओढत चिखलातून आले. वावर पाहिलं, खाली बसले, माती मुठीत घेऊन पिळली, पाणी टपटप गळलं. मी वाट पाहत होतो की आता यांचं तोंड उतरेल. त्यांनी धोतर वर खोचलं, चपला धुऱ्यावर ठेवल्या आणि सोनबाजीला खुणेनं फावडं मागितलं.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. कापूस आणि ज्वारी मला त्यांच्याहून जास्त कळत होती. पण हा माणूस पाण्यात जन्मला होता. पाणी कुठून येते, कुठं थांबते, कुठं जायला मागते, हे त्याला चिखलात पाय घातल्यावर तळव्यांनी कळत होतं. वावराच्या वरच्या अंगाला आडवा चर, म्हणजे खालून फुटणारं पाणी आधीच धरायचं. मग तिथून नाल्यापर्यंत उतरते चर, ओळींच्या मधून. पहिले दोन दिवस ते आणि सोनबाजी, दोघंच खणत होते. तिसऱ्या दिवशी शेजारचे चौघं आले. मी धुऱ्यावर छत्रीखाली उभा राहून इकडचं तिकडं सांगत होतो.

अनसाबाई भाकरी घेऊन आली. साहेब कमरेपर्यंत चिखलानं भरले होते. ती मला म्हणाली, "पुसा हो साहेबाले, तुमच्या गावात मानसं रायते का बदकं?"

मी सांगितलं. साहेब फावड्यावर रेलून हसले. "बदकंच. पण शाळेत जाणारी."

मी मराठीत सांगितलं तेव्हा साऱ्या चरातून हसू उठलं. तो विनोद मीच माझ्या तोंडानं त्यांच्यापर्यंत पोचवला. आठ दिवसांत "फावडं", "निचरा", "भाकर" आणि "अजून खोल" एवढी मराठी साहेबांना आली आणि बाया त्यांना मुद्दाम पुन्हापुन्हा म्हणायला लावू लागल्या. मला इतकी वर्षं मराठी येत होती, कोणी कधी म्हणायला लावली नाही.

पाणी उतरलं. निम्मी पराटी मेली. निम्मी नव्यानं फुटली, हिरवी झाली. मेलेल्या भागात वाफसा आला आणि सोनबाजी म्हणाला, इथं मागून ज्वारी पेरतो. चर पाहायला आजूबाजूच्या खेड्यांतले लोक आले. ज्यांची वावरं चिबडत होती त्यांनी आपापल्या वावरात चर धरले. प्रात्यक्षिक कापसाचं होतं, गाव शिकलं निचरा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. त्याच सकाळी चावडीत बैठक झाली. पाटील म्हणाले, "यंदा दोरी सुब्बाराव साहेबाची. कोनाचं काई म्हननं?" कोणाचंच नव्हतं. पाटील माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी साहेबाले आवतन द्या. आमची तेलुगू त्यायले समजनार नाही."

मी जाऊन आवतन दिलं. दोरी म्हणजे काय, ती कोणाला मिळते, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते साधं मानतील. त्यांचे डोळे भरून आले. "नारायणगारू, तुम्हाला ही किती वेळा मिळाली?"

"दोनदा," मी म्हटलं. तीही थाप.

पोळ्याला मैदान भरलं. साहेब नवं धोतर नेसून दोरी धरून उभे. पोरांनी त्या वर्षी नवी झडती बांधली होती:

"सोनबाच्या पराटीत चिखल झाला फार,
चिखलात उतरला आंध्राचा सरदार,
शेतीमास्तर उभा छत्रीखाली गार,
हर हर महादेव!"

लोक पोट धरून हसले. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, तुमची स्तुती करतात. मग पाटील म्हणाले, साहेबांनी दोन शब्द बोलावे. साहेब दोरी न सोडता बोलू लागले आणि मी त्यांच्या शेजारी उभा राहून मराठीत सांगू लागलो.

ते म्हणाले, "हा मान माझा नाही. वावर मी चुकीचं निवडलं. खालून पाणी फुटते हे सोनबाजीला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. त्यानं मला सांगितलंच असेल. मी परका, मला समजलं नाही. चूक माझी. आणि या गावात माझी जीभ म्हणजे नारायणगारू. त्यांनी माझ्यासाठी एकही शब्द गाळला नाही."

मी ते सगळं मराठीत सांगितलं. वावर चुकीचं निवडलं, सांगितलं. सोनबाजीनं मला सांगितलंच असेल, सांगितलं. चूक माझी, सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, हेही सांगितलं. त्या दिवशी मी खरोखरच काही गाळलं नाही. समोर बैलांच्या रांगेत सोनबाजी दोन्ही कासरे हातात धरून उभा होता आणि माझ्याकडं पाहत होता. त्याच्या मागं अनसाबाई होती, ती पाहत नव्हती.

साहेबांनी दोरी सोडली. तोरण पडलं. बैल निघाले.

पोळा फुटल्यावर जोड्या घरोघर नेतात. बाया बैलांच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, पुरणाची पोळी भरवतात. सोनबाजी माझ्या दारी आला तेव्हा दिवस मावळायचा होता. माझ्या बायकोनं पूजा केली आणि ती आणखी पोळी आणायला आत गेली. दारात आम्ही दोघं आणि दोन बैल.

"सोनबाजी," मी म्हटलं, "तुमाले तवाच कळलं होतं?"

"साहेब हात धरून हासला न, तवाच कळलं. वावर चिबडते म्हनल्यावर कोनी हासते काय?"

"मंग पयले दोन दिवस चरात तुमी दोघंच होते. साहेबाले काऊन नाही सांगलं?"

त्यानं बैलाच्या गळ्यातली घागरमाळ सरळ केली.

"कोनाच्या तोंडानं सांगू मास्तर? तोंड तं तुमचंच होतं."

बायको पोळी घेऊन बाहेर आली. त्यानं ती बैलाला चारली, तिला राम राम केला आणि कासरा ओढून पुढच्या घराकडं गेला.